आंगऱ्यांची वाटणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर रेवस दिसतं. मध्ये धरमतरची खाडी. तरीत बसलं की चहा थंड व्हायच्या आत पलीकडं. माझ्या आजीचं माहेर त्या किनाऱ्यावरचं. ती माहेरी निघाली की म्हणायची, "आंगऱ्यांच्या मुलखात जाऊन येते." मी लहान होतो. मला वाटायचं, आंगरे म्हणजे तिकडचे कुणी मोठे खोत असणार आणि खाडी ओलांडल्यावर आधी त्यांच्या वाड्यावर जाऊन वर्दी द्यावी लागत असणार.

पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की आजी काही अगदी चुकीचं बोलत नव्हती. करंजा आणि उरण आधी पोर्तुगीजांकडं होतं. १७३७ ते १७३९ या वर्षांत वसईची मोहीम झाली, त्या धामधुमीत ते मराठ्यांकडं आलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याबरोबर करंजाही घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं ते त्यांच्याकडंच राहिलं. समोरचा अलिबागचा किनारा मात्र आंगऱ्यांचा होता, आणि तो १८४० पर्यंत त्यांचाच राहिला. म्हणजे सहासष्ट वर्षं ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. आमच्या कोळ्यांची जाळी सरहद्दीत पडत होती, असं म्हटलं तरी चालेल.

आंगरे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं समुद्र येतो. गुराबा, गलबतं, तोफा. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ साली 'आयएनएस आंग्रे' हे नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. पण मला आज त्यांच्या आरमाराबद्दल सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्यांच्या घराबद्दल आणि जमिनीबद्दल. या घराण्याचा सारा इतिहास मला एका जुन्या घरगुती प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: बापामागं कुणाला काय मिळायचं?

या घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंगरे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवकाळात किनाऱ्यावर चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. हर्णैच्या सुवर्णदुर्गावर त्यांनी उमेदवारी केली, सिद्दीशी झुंजले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी आरमाराचे सरखेल झाले. यात वडिलोपार्जित फारसं काही नाही, हे लक्षात ठेवा. जे मिळवलं ते स्वतःच्या मनगटावर.

पण मनगटावर मिळवलेलं टिकवायला कागद लागतो. तो कागद कान्होजींना १७१३-१४ च्या सुमाराला मिळाला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते आणि ताराबाईंशी त्यांचं भांडण चालू होतं. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच पकडून ठेवलं! मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला निघाले. ते मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातला माणूस कसा बोलतो ते जाणणारे. लोणावळ्याजवळ भेट झाली आणि तह ठरला. कान्होजींनी शाहूंना धनी मानलं, पिंगळ्यांना सोडलं. बदल्यात सरखेली कायम झाली आणि दहा किल्ले मिळाले: कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, अवचितगड वगैरे. शिवाय सोळा लहान ठाणी, आणि या सगळ्यांखालची गावं.

खरं महत्त्व आहे ते त्या गावांना. गलबत समुद्रावर चालतं, पण पोसलं जातं जमिनीवर. खलाशाला भात लागतो, गोलंदाजाला पगार लागतो, गुराब बांधायला सागवान लागतो. अलिबाग-पेणकडची खारजमीन बांध घालून समुद्राकडून सोडवलेली. तिकडं शिलोत्री म्हणून पद्धत होती. ज्यानं बाहेरचा बांध घातला आणि राखला, त्याला त्या खारीच्या पिकातला वाटा. एका उधाणात बांध फुटला की दोन-तीन वर्षं भात नाही; खारं पाणी जमिनीतून उतरायला तेवढा वेळ लागतो. आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. इंग्रजांनी आपल्या पुस्तकांत ज्याला चाचा म्हणून रंगवलं, तो माणूस अशा हजारो बिघ्यांचा, गावांचा आणि गडांचा धनी होता आणि त्याच्याकडं त्यांची सनद होती.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्यानंतर कान्होजींना कुणी फारसं छेडलं नाही. ४ जुलै १७२९ ला ते वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

मागं राहिले सहा मुलगे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. सगळे एका आईचे नव्हेत. इथून पुढची गोष्ट कुठल्याही गावच्या तलाठ्याला तोंडपाठ असेल अशी आहे.

इथं मला एका इंग्रज सरदाराची आठवण येते. विल्यम मार्शल त्याचं नाव. बाराव्या शतकातला. धाकटा मुलगा, म्हणून बापाच्या जमिनीत त्याला काही नाही. त्या देशात रीत अशी की जमीन थोरल्याला. धाकट्यांनी लढाईवर जावं, धर्मगुरू व्हावं, नाहीतर वतनदाराच्या एकुलत्या मुलीशी लग्न लागावं म्हणून देवाला साकडं घालावं. मार्शलनं लढाईत नाव काढलं आणि ११८९ साली राजकृपेनं इझाबेल द क्लेअर या वारसदार मुलीशी त्याचं लग्न झालं. वेल्स आणि आयर्लंडमधला प्रचंड मुलूख पदरात पडला. पुढं तो बालराजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी झाला. १२१९ साली वारला तेव्हा मागं पाच मुलगे आणि पाच मुली होत्या. थोरला मुलगा गादीवर बसला, मूल न होता गेला. मग दुसरा. मग तिसरा. १२४५ पर्यंत पाचही भाऊ एकामागून एक धनी झाले आणि औरस संतती न ठेवता गेले. शेवटी जमीन बहिणींच्या घराण्यांत वाटली गेली. थोरल्याचा नियम होता म्हणून भाऊ आपसांत लढले नाहीत. मुलींना वारसा चालत होता म्हणून जमीन रक्ताच्या माणसांत राहिली.

आमच्याकडं रीत वेगळी. वतनात प्रत्येक भावाचा वाटा. ही रीत मी वाईट म्हणणार नाही. धाकट्याला उघड्यावर टाकण्यापेक्षा ती माणुसकीची आहे. शेत वाटलं तर बांध पडतो, पीक थोडं कमी येतं, पण दोघंही जगतात. आरमाराचं तसं होत नाही. समुद्रावर व्यापाऱ्याला आंगऱ्यांचा दस्तक लागायचा; तो असला की जहाज निर्धोक. आता विचार करा, दस्तक देणारे आंगरेच दोन झाले तर? एकाला पैसे भरून सुटलेला दुसऱ्याच्या हातात सापडणार. त्या दस्तकाची किंमत उरली किती?

थोरल्या सेखोजीनं चार वर्षं घर एकत्र ठेवलं. बाजीरावांशी त्याचं जमत होतं. तो आणखी वीस वर्षं जगता तर, असं मनात आल्यावाचून राहत नाही. पण १७३३ च्या ऑगस्टात तो वारला, तोही जंजिऱ्याची मोहीम ऐन भरात असताना. सरखेली संभाजीकडं आली. तो दक्षिणेकडं सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला राहिला आणि कुलाब्याचा कारभार धाकट्या भावांवर सोपवला. मानाजीला हे खपलं नाही. त्यानं पोर्तुगीजांची मदत घेतली, कुलाबा घेतला आणि आपल्या भावाचे, येसाजीचे, डोळे काढले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. ज्या कुलाब्यावर बापानं पोर्तुगीजांना पाणी पाजलं, त्याच कुलाब्यात तेरा-चौदा वर्षांत मुलानं त्यांना भावाविरुद्ध बोलावलं.

या घरातल्या बायका धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रं लिहीत. स्वामी घराण्याचे गुरू. पण स्वामींच्या शब्दानं भाऊ एकत्र आले नाहीत. शेवटी १७३५ साली पंच म्हणून बाजीराव पेशवे आले. निवाडा असा झाला: संभाजी सुवर्णदुर्गाकडं, किताब सरखेल, मानाजी कुलाब्याला, किताब वजारतमाब. आणि पंचाची फी? राजमाची आणि कोथळीगड हे दोन किल्ले पेशव्यांकडं गेले. दोन भावांच्या भांडणात वकिलाचं घर बांधलं जातं म्हणतात, ते असं.

भांडण मिटलं नाहीच. १७४० साली संभाजी कुलाब्यावर चालून आला. मानाजीनं या वेळी पेशव्यांना बोलावलं, इंग्रजांनाही. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब मदतीला कुलाब्यास होते, तिथंच त्यांना बाजीराव गेल्याची बातमी कळली. १७४२ साली संभाजी वारला आणि दक्षिणेकडची बाजू तुळाजीनं धरली. तुळाजी बापासारखा धाडसी, पण बापाजवळ जी तडजोड होती ती त्याच्याजवळ नव्हती. पेशव्यांना तो जुमानीना आणि किनाऱ्यावर कुणालाच स्वस्थ बसू देईना.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १७५५ च्या मार्चमध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा करार झाला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरात नांगरलेलं आंगऱ्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाला आणि उरलेलं आयुष्य त्यानं कैदेत काढलं. कुलाब्याचे आंगरे भावाच्या मदतीला गेले नाहीत.

नानासाहेबांनी आपलंच आरमार बुडवलं, असा दोष आपण देतो. तो दोष खराच आहे. शेजाऱ्याच्या हातून घरातली होडी जाळून घेणारा माणूस दूरदर्शी नव्हे. पण त्यांना या घरात आणलं कुणी, हेही सांगायला हवं. वीस वर्षं आंगरे भाऊच आळीपाळीनं बाहेरच्यांना उंबऱ्याच्या आत घेत होते.

कुलाब्याची शाखा मात्र राहिली. मानाजी १७५८ साली गेला. त्याचा मुलगा रघूजी, त्यानं १७९३ पर्यंत बरा कारभार केला. कुलाबा किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ त्याच्या काळचं. त्याच्यामागं पुन्हा अज्ञान वारस, पुन्हा भाऊबंद. एक जयसिंग आंगरे, दुसरे शिंद्यांच्या जोरावर आलेले बाबूराव आंगरे. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये जयसिंगाच्या बायकोची, सकुवारबाईची, हकीकत आहे. नवरा बाबूरावाच्या कैदेत आणि ही खांदेरी लढवते आहे. निरोप आला, खांदेरी दे, नवरा सोडतो. तिनं खांदेरी दिली. नवऱ्याला ठार केलं गेलं आणि तिलाही कैदेत टाकलं. खांदेरीला वेताळाच्या दर्शनाला आमच्याकडची कोळी मंडळी मोठ्या भक्तीनं जातात, पण त्या बेटावर या बाईचं नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

१८२२ साली कुलाब्यानं इंग्रजांचं सार्वभौमत्व लेखी मान्य केलं. तेव्हाचे धनी दुसरे रघूजी. १८३८ च्या डिसेंबरात ते वारले. औरस मुलगा नव्हता. एक राणी गरोदर होती. महिनाभरानं मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? कान्होजी. शे-सव्वाशे वर्षांनी घरात पुन्हा कान्होजी आला, पाळण्यात गादीचा धनी झाला, आणि १८३९ च्या उन्हाळ्यात, जेमतेम तीन महिन्यांचा होऊन, गेला.

राणीनं दत्तक घेण्याची परवानगी मागितली. कंपनीनं ती नाकारली आणि १८४० साली कुलाबा खालसा केलं. डलहौसी हिंदुस्थानात यायला अजून आठ वर्षं होती. संस्थानं खालसा करणं त्याच्या नावावर मोडतं, पण आमच्या समोरच्या किनाऱ्यावर ते आधीच करून झालं होतं. बेवारस जमीन वरच्या धन्याकडं परत जाते, हा नियम मार्शलच्या काळच्या इंग्लंडातला. पण तिथं मुलगे संपले तर मुली होत्या. आमच्याकडं मुलगा नसेल तर दत्तक होता. कंपनीनं त्यांच्या रीतीतलं आणि आमच्या रीतीतलं जे जे जमीन घरात ठेवील ते सोडून दिलं, आणि जे जे ती आपल्याकडं आणील ते उचललं. १७२९ साली या घरात वारस सहा होते, म्हणून मुलूख फुटला. १८३९ साली एकही उरला नाही, म्हणून गेला.

माझ्या आजीच्या जन्माच्या कितीतरी आधी हे सगळं होऊन गेलं होतं. पुढं कुलाबा जिल्हा झाला, आणि १९८१ पासून त्याचं नाव रायगड. उरण तर जुन्या कागदांत ठाणे जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात दिसतं. आज आम्ही आणि अलिबागकर एकाच जिल्ह्यात आहोत. करंजाहून रेवसला जाणं म्हणजे परमुलखात जाणं राहिलं नाही. आजी मात्र शेवटपर्यंत, तरीत पाय ठेवताना, आंगऱ्यांच्या मुलखात जाते म्हणूनच सांगत राहिली.