स्वयंपाकघरांतील यंत्रयुग

अहिल्यानगर शहरांतून मनमाडच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे शहर संपतें न संपतें तोंच नागापूर लागतें. एके काळचें हें लहानसें गांव आज कारखान्यांच्या वसाहतीसाठीं ओळखलें जातें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 सालीं झाली. या महामंडळानें जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्या वसाहती वसविल्या त्यांपैकींच ही एक. येथें तयार होणाऱ्या नाना जिनसांत विजेच्या मोटारीही आहेत. पूर्वीं क्रॉम्प्टन ग्रीव्हज् या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा मोटारींचा कारखाना याच वसाहतींत आहे. मोटार ही दिसण्यांत अगदीं रुक्ष वस्तु. बाहेरून धातूचें वाटोळें कवच, पोटांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं आणि एका बाजूनें डोकावणारा दांडा. तिच्यावर निबंध लिहावा असें तिच्यांत कांहींच नाहीं. तथापि गेल्या शतकांत महाराष्ट्रीय गृहिणीचा दिवस ज्या वस्तूंनीं पालटला त्यांत अग्रमान कोणास द्यावा, असें कोणी विचारल्यास आम्ही या रुक्ष वस्तूकडेच बोट दाखवूं. विहिरीवरचा पंप, गांवची पिठाची गिरणी, ओट्यावरचा मिक्सर आणि न्हाणीघराच्या दाराशीं उभें असलेलें कपडे धुण्याचें यंत्र, या सर्वांच्या पोटांत तीच फिरत असते.

आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो या वस्तूंच्या गुणदोषांचा नव्हे, तर त्या ज्या क्रमानें आल्या त्या क्रमाचा. कोणत्या कष्टावर यंत्राचा उतारा आधीं शोधला गेला आणि कोणते कष्ट मागें तिष्ठत राहिले, हें पाहिलें म्हणजे समाजानें कोणाच्या घामाची काय किंमत केली होती तें कळून येतें. आमच्या इतिहासकारांनीं या प्रश्नाकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. अहमदनगरचा किल्ला मोगलांनीं 1600 सालीं घेतला, त्या लढ्यांतील चांदबिबीच्या शौर्यावर पानेंच्या पानें लिहिलीं गेलीं आहेत, व तीं योग्यच आहेत. परंतु वेढ्याच्या त्या दिवसांत किल्ल्यांतील शिबंदीचें पीठ कोण दळीत होतें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

दळणाचा इतिहास मात्र लढायांहून फार जुना आहे, आणि त्याचे पुरावे याच जिल्ह्यांत सांपडले आहेत. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनीं 1954 पासून उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरांत धान्य भरडण्याचे चपटे पाटे मिळाले, व पुढील सातवाहनकालीन थरांत फिरतें जातें मिळालें. या फिरत्या जात्यांवर सांकळियांनीं 1959 सालीं ‘अँटिक्विटी’ या इंग्रजी नियतकालिकांत स्वतंत्र लेख लिहिला होता. म्हणजे ज्या नेवाशांत 1290 सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच भूमींत त्यापूर्वीं हजार वर्षांहून अधिक काळ जात्याची घरघर चालू होती. पाट्यावरून जात्यावर येणें ही दळणाच्या कामांतील पहिली मोठी क्रांति. त्यानंतर दुसरी क्रांति होण्यास दोन हजार वर्षें लागावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तेवढ्या काळांत राज्यें आलीं आणि गेलीं, तोफा आल्या, छापखाने आले, आगगाडी आली. तांबडें फुटण्यापूर्वीं उठून जात्याशीं बसणारी बाई मात्र जेथल्या तेथें राहिली.

तिच्या त्या कामाचें वर्णन करतांना आम्हां मराठी लेखकांची लेखणी फार लवकर हळवी होते. जात्यावरच्या ओवीचें माधुर्य आम्ही नाकारीत नाहीं. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. इतका मोठा काव्यसंग्रह निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या मुखीं होता, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु ओवी हें त्या श्रमाचें भूषण होतें, समर्थन नव्हे. आमच्या संतपरंपरेनें या बाबतींत आमच्याहून अधिक स्पष्ट पाहिलें होतें. जनाबाईस दळूं लागण्यास प्रत्यक्ष पांडुरंग आला, अशी कथा आहे. कथा भक्तीची आहे खरी. पण जात्याच्या दुसऱ्या बाजूस हात लावण्यासाठीं वैकुंठाहून कोणी यावें लागलें, घरांतून कोणी उठलें नाहीं, हाही तिच्यांतील एक तपशील आहे.

जातें हें कित्येकींच्या उपजीविकेचें साधनही होतें. ‘दळणकांडण करून मुलाला शिकविलें’ हें वाक्य आमच्या चरित्रग्रंथांतून इतक्या वेळां येतें कीं, त्याचा अर्थ आतां वाचकांच्या लक्षांत येत नाहीं. विधवेस लिहितां येत नसे, दुकान थाटतां येत नसे, शेत तिच्या नांवावर नसे. दगडाच्या दोन तळ्या आणि दोन मनगटें एवढेंच तिचें भांडवल. पिठाची गिरणी गांवांत आली तेव्हां सुवासिनीचें ओझें उतरलें आणि या बाईची भाकरी गेली. एकाच यंत्रानें एकाच दिवशीं या दोन गोष्टी केल्या. पुढें तिच्या हातीं शिवणाचें यंत्र आलें. आयझॅक सिंगर यानें अमेरिकेंत 1851 सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या कंपनीनें हप्तेबंदीनें विक्री सुरू करून तें गरिबाच्याही घरांत पोंचविलें. आमच्याकडे 1935 च्या सुमारास कलकत्त्याचें ‘उषा’ निघालें. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनासारख्या (1909) संस्थांनीं स्त्रियांना स्वावलंबनाचें जें शिक्षण दिलें त्यांत शिवणकामास मोठें स्थान होतें. घरांतील यंत्रांपैकीं स्त्रीला पैसा मिळवून देणारें बहुधा हें पहिलेंच.

आतां क्रमाकडे वळूं. महाराष्ट्रांतील यंत्रोद्योगाचे आद्य पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास असतांना जीं पहिलीं यंत्रें तयार केलीं त्यांत कडबा कापण्याचें यंत्र होतें; त्यानंतर 1903 च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर आला, आणि 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांच्या कर्तबगारीविषयीं आम्हांस नितांत आदर आहे, आणि शेतकऱ्याची गरज ओळखून त्यांनीं योग्य तेंच केलें. तरीही बैलाच्या वैरणीस यंत्र आधीं मिळालें आणि धन्याच्या बायकोच्या हातचा खुंटा नंतर सुटला, ही वस्तुस्थिति राहतेच. बैल विकत घ्यावा लागे. त्याच्या श्रमाचा हिशेब वहींत लिहिला जाई.

विजेच्या बाबतींत हाच क्रम अधिक ठळकपणें दिसतो. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 सालीं व केंद्राचें ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ 1969 सालीं स्थापन झालें. देशांत धान्याची टंचाई होती, म्हणून खेड्यांत वीज नेतांना विहिरीवरील पंपांस प्राधान्य देण्यांत आलें. नगर जिल्ह्यांत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 पासून चालू झाला होता; ऊंसास पाणी हवें होतें. पंप आले, मोट गेली, मोटेबरोबर मोटकऱ्याचे कष्टही गेले. परंतु त्याच विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन घरीं येणारी बाई आणखी कित्येक वर्षें तशीच येत राहिली. मधल्या काळांत पाणीपुरवठ्याच्या योजना झाल्या नाहींत असें नाहीं. पण प्रत्येक ग्रामीण घरीं नळ, हें उद्दिष्ट देशासमोर ठेवणारी जल जीवन मिशन योजना जाहीर झाली ती 2019 सालीं. ऊंसाच्या मुळाशीं पाणी यंत्रानें नेणें आणि माणसाच्या चुलीपाशीं पाणी नळानें आणणें, या दोन संकल्पांत पन्नास वर्षांचें अंतर पडलें.

गिरणीच्या पिठास विरोध करणारेही होते, आणि त्यांत सर्वांत मोठें नांव महात्मा गांधींचें. 1934 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यास होतें, व हातानें दळलेलें पीठ आणि हातसडीचा तांदूळ यांचा पुरस्कार तेथून होत असे. पिठांतील सत्त्व आणि खेड्यांतील रोजगार हे दोन्ही मुद्दे विचारार्ह होते. परंतु हा उपदेश ऐकून ज्यांनीं घरीं जातें पुन्हां मांडलें त्यांपैकीं किती पुरुष त्याच्याशीं बसले? गांधीजींना हा प्रश्न विचारण्याची सोय नाहीं, कारण ते स्वतः बसत. जोहान्सबर्गच्या घरीं त्यांनीं सात पौंडांस हातजातें घेतलें होतें, व तें त्यांचे मित्र पोलाक, ते स्वतः आणि मुलें मिळून फिरवीत. कस्तुरबा अधूनमधून हात लावीत. गुरूचें पीठ शिष्यांनीं घेतलें, पण त्याची पाळी घेतली नाहीं.

स्वयंपाकाच्या साधनांचा इतिहासही याच धर्तीचा आहे. बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं 1910 च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला. डब्यावर डबे रचून खालीं थोडा कोळसा ठेवला कीं वरण, भात, भाजी एकदम तयार. ही युक्ति विशेष आवडली ती बिऱ्हाडाविना राहणारे विद्यार्थी, नोकरदार आणि प्रवासी यांना. पुरुषावर स्वतः रांधण्याचा प्रसंग येतांच सोपें साधन निघतें, असा निष्कर्ष आम्ही काढल्यास वाचक आम्हांस क्षमा करतील. वाफेच्या दाबावर शिजविण्याची कल्पना तर डेनिस पापाँ यानें 1679 सालींच मांडली होती; आमच्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर आले ते 1959 सालीं.

स्टोव्हची कथा मात्र हंसण्याची नाहीं. स्वीडनमध्यें 1892 सालीं निघालेल्या प्रायमसनें चुलीचा धूर आणि फुंकणी यांतून शहरांतील स्त्रीस सोडविलें. बिऱ्हाडाच्या एका खोलींत संसार करणें त्यामुळें शक्य झालें. त्याच स्टोव्हचें नांव 1980 च्या सुमारास वृत्तपत्रांच्या आंतल्या पानांवर वारंवार येऊं लागलें. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यु’ या बातमींत भडका नेहमीं सुनेच्याच पदराला कसा लागतो, हा प्रश्न अखेर स्त्रियांनीं रस्त्यावर येऊन विचारला. छळाविषयींचें कलम 1983 सालीं व हुंडाबळीविषयींचें 1986 सालीं फौजदारी कायद्यांत आलें. त्या दोन कलमांमागें स्वयंपाकघरांतील एका पितळी यंत्राची आठवण आहे.

मिक्सरचा जन्म प्रत्यक्ष गृहिणीच्या तक्रारींतून झाला, म्हणून तो आम्हांस विशेष प्रिय आहे. मुंबईस सीमेन्समध्यें काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर वाटण वाटतां वाटतां जळाला. युरोपांतील तें यंत्र फळांचा रस आणि पातळ मिश्रणें यांसाठीं घडविलेलें. भिजलेली डाळ, सुकें खोबरें, हळकुंड यांच्याशीं त्याची गांठ कधीं पडली नव्हती. माथुरांनीं अधिक दमदार मोटार बसवून नवें यंत्र केलें, आणि 1963 सालीं तें ‘सुमीत’ या नांवानें बाजारांत आलें. मिक्सरच्या मोटारीस मिनिटाला हजारों फेरे घ्यावे लागतात, म्हणून ती इतका आरडाओरडा करते. पंपाची मोटार त्या मानानें संथ व गंभीर. कुळ एकच, स्वभाव निराळे. पाटा-वरवंटा व मिक्सर यांत चव कोणाची चांगली, या वादांत आम्ही पडत नाहीं. एवढेंच निरीक्षण नोंदवितों कीं, पाट्यावरच्या चटणीचे गोडवे गाणाऱ्यांत पाट्यापाशीं कधीं बसलेले थोडेच असतात.

इतकीं साधनें आलीं, तर गृहिणीस वेळ किती उरला? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं 1983 सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, यंत्रांनीं त्या देशांतील पुरुषांची व मुलांची घरगुती कामें, म्हणजे लांकूड फोडणें, धान्य गिरणीवर नेणें, संपविलीं. स्त्रीचें काम संपलें नाहीं, अपेक्षा मात्र वाढल्या. बारीक पीठ मिळूं लागतांच रोजच्या भाकरीच्या जागीं केक आला. आमच्याकडे निराळें काय घडलें? मिक्सर आला आणि इडली-डोसा हा बाहेर खाण्याचा पदार्थ घरचा झाला. धुण्याचें यंत्र आलें आणि दोन दिवस वापरावयाचा सदरा एका दिवसांत मळूं लागला. भारत सरकारच्या 2019 च्या कालोपयोग पाहणीप्रमाणें घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसास सरासरी 299 मिनिटें घालवितात, आणि पुरुष 97. त्यांतही त्या दिवशीं घरकामास हात लावलेले पुरुष शंभरांत सव्वीसच भरले, स्त्रिया एक्यायशी. मोटारीनें मनगट सोडविलें, घड्याळ सोडविलें नाहीं.

अलीकडे दळण पुन्हां घरांत आलें आहे. लहानशी मोटार बसविलेल्या कपाटवजा गिरणीस ‘घरघंटी’ म्हणतात. मराठी कानास यांत देवघरांतली घंटा ऐकूं येते. वस्तुतः गुजराथींत घंटी म्हणजे जातेंच. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून अनुदानानें ज्या वस्तु स्त्रियांना दिल्या जातात त्यांत शिवणयंत्राच्या जोडीस आतां ही घरघंटीही असते. ती घेणाऱ्या कित्येकजणी केवळ घरचें पीठ दळीत नाहींत. शेजारपाजारचें दळण घेतात, ज्वारीचा दर निराळा, डाळीचा निराळा, असा हिशेब ठेवतात. दळणकांडण करून मुलें शिकविणारी बाई या वाटेनें परत आली आहे, आणि या वेळीं विजेचें बिल तिच्या नांवावर येतें कीं नवऱ्याच्या, हें आम्ही ज्या घरीं जातों तेथें विचारून घेतों.