वसई किल्ल्यातील पडकी चर्च

बडोद्याहून मुंबईला जाणारी गाडी वैतरणा ओलांडते तेव्हा आपण सामान आवरायला लागलेलो असतो. वसई रोड स्थानक मागे जाते आणि तेथून काही मैलांवर, खाडीच्या मुखाशी, एक अख्खे शहर छपरावाचून उभे आहे याची आठवण फारशी कोणाला होत नाही. वास्तविक या शहराची कथा आपल्या गुजरातेतच सुरू होते. हुमायूनच्या धास्तीने सुलतान बहादुरशहाने डिसेंबर 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारचे चांपानेर हुमायूनच्या हाती पडले. म्हणजे वसईतली चर्च ज्या कराराच्या जमिनीवर उभी राहिली, तो करार चांपानेरच्या धन्याने केलेला होता.

त्यांपैकी सेंट जोसेफचे चर्च वाचकांनी सावकाश पाहावे. 1546 मध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेवरून ते बांधायला घेतले. आज दिसते ती वास्तू मात्र बरीचशी नंतरची आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांच्या कारकिर्दीत, 1601 मध्ये, या चर्चची नवी बांधणी झाली, असे तेथील शिलालेखच सांगतो. दर्शनी बाजूला उंच मनोरा आहे. आत शिरले की एकच लांब दालन लागते, त्यावर नुसते आभाळ. दालन संपते तेथे वेदीची जागा आहे आणि तिच्यावरचे अर्धगोल दगडी छत अजून शाबूत आहे. लोकांच्या डोक्यावर लाकूड आणि कौले, देवाच्या डोक्यावर दगड, अशी ही रचना होती. लाकूड गेले, दगड राहिला.

वसईचा काळा दगड त्या काळी नावाजलेला होता. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी तो समुद्रमार्गाने नेण्यात आला. किल्ल्यातील जेझुइटांच्या चर्चचा दरवाजा आणि त्यावरील खांब पाहिले की या दगडावर पाथरवटांचा हात किती सहज चालत असे ते कळते. हे चर्च आज गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेला हा मुलगा 1597 मध्ये नागासाकीला वधस्तंभावर गेला आणि 1862 मध्ये संत ठरला.

आता खरा प्रश्न. ही चर्च पाडली कोणी? आपल्या घरांत याचे उत्तर अभिमानाने दिले जाते, काही घरांत दुःखाने, पण उत्तर एकच असते: चिमाजीअप्पाने. मला ते पटत नाही. मे 1739 मध्ये सुरुंगांनी तट फोडून मराठ्यांनी वसई घेतली हे खरे. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या हेही खरे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेल्या 1707 सालच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आजही दिसतात. परंतु पोर्तुगीज किल्ल्यातून निघाले ते शरणागतीच्या अटी ठरवून, चीजवस्तूंसह.

छपरांची गोष्ट त्याआधीची आहे. मे 1618 मधील चक्रीवादळाने वसईतील चर्चची आणि मठांची छपरे उडवली होती. सेंट जोसेफची नवी बांधणी होऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती. शहर नांदते होते, पैसा होता, सुतार होते. पुन्हा तुळया चढल्या, पुन्हा कौले बसली. कोकणातल्या कोणत्याही घराला विचारा, कौले दरसाल शाकारावी लागतात. 1739 नंतर किल्ल्यातील चर्चना शाकारणारे कोणी उरले नाही. पेशवाईत या गावाला बाजीपूर हे नाव देऊन पाहिले, तेही टिकले नाही. 1780 मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला, शेवटी इंग्रजांकडे गेला, आणि एकोणिसाव्या शतकात या अवशेषांमध्ये साखरेचा कारखाना काढण्याचाही प्रयोग झाला! इतक्या धन्यांपैकी एकालाही त्या कौलांची गरज नव्हती.

उलट तटाबाहेर पाहावे. सांडोर, पापडी, रेमेदी येथील चर्च पुनःपुन्हा दुरुस्त होत, वाढत आजपर्यंत चालू आहेत, कारण तेथील ख्रिस्ती शेतकरी, कोळी, बागाइतदार पोर्तुगीजांबरोबर निघून गेले नाहीत. त्यांचे घर वसई होते. त्यांची मराठी बोली आजही तेथे ऐकू येते. एकाच मुलखातली, एकाच पावसातली चर्च. जेथे माणसे राहिली तेथे छप्पर राहिले. चिमाजीअप्पाला दोष किंवा श्रेय देण्याआधी हा ताळा करून पाहायला हवा.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जाल तेव्हा मात्र पायाखाली बघून चाला. तेथली जमीन थडग्यांच्या शिळांची आहे, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. गोमंतकीय डॉक्टर जुझे गेर्सन द कुन्या यांनी वसईतले असे लेख वाचून 1876 च्या आपल्या पुस्तकात छापले. त्या शिळा बसवल्या तेव्हा त्यांच्यावर छप्पर होते. आता आषाढात त्या अक्षरांत पाणी साचते.