एंजिनाचे कुळ

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक यंत्र कोणी शोधून काढले व ते प्रथम कोणत्या साली चालू झाले, एवढे सांगितले की लेखकाचे कर्तव्य संपते. परंतु यंत्राने जन्मास येणे ही एक गोष्ट आणि त्याने जगणे ही दुसरी. यंत्राचे आयुष्य जितके त्याच्या निर्मात्यावर, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, झिजलेला भाग बदलून देणाऱ्यांवर अवलंबून असते. या दुसऱ्या इतिहासाकडे सहसा कोणी वळत नाही. प्रस्तुत लेखात तो एका अगदी परिचयाच्या वाहनाच्या आधारे सांगावयाचा आहे.

ते वाहन म्हणजे मॅटाडोर. मुंबई-नागपूर लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, रेल्वेपासून दूर राहिले. चिखली, मेहकर, लोणार या गावांचीही तीच स्थिती. अशा प्रदेशात लग्नाचे वऱ्हाड, शेगावची यात्रा आणि बाजाराचा माल यांचा भार रस्त्यावरील वाहनांनीच वाहिला. त्यांत मॅटाडोरने इतके घर केले की आज वऱ्हाडात कोणत्याही कारखान्याच्या लहान मालगाडीस सर्रास ‘मेटॅडोर’ म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश, व त्याचा अर्थ झुंजीत बैलाचा वध करणारा. पोळ्याला बैलापुढे नैवेद्य ठेवणाऱ्या प्रांताने हे नाव निःशंक मनाने आपलेसे करावे, ही भाषेच्या इतिहासातील एक गंमतच होय.

हे नाव आले जर्मनीतील हँबुर्गहून. तेथील विडाल आणि पुत्र यांचा ‘टेंपो’ नावाचा कारखाना तीनचाकी मालगाड्यांविषयी प्रसिद्ध होता. आपल्या बोलीतील ‘टेंपो’ हा शब्दही त्याच कारखान्याचा. १९४९ साली या कारखान्याने मॅटाडोर ही चारचाकी बंद गाडी बाजारात आणली. गाडी त्यांची, परंतु एंजिन फोक्सवॅगनचे. लवकरच, १९५० साली, फोक्सवॅगनने स्वतःची तशीच गाडी काढली आणि १९५२ च्या सुमारास टेंपोला एंजिने देणे बंद केले. जो आपला प्रतिस्पर्धी, त्याला आपणच हृदय का पुरवावे, असा हा साधा हिशोब होता. टेंपोला दुसरीकडून एंजिने मिळवून गाडीची मांडणी बदलावी लागली. म्हणजे मॅटाडोरसाठी एंजिन शोधीत हिंडण्याची पाळी प्रथम आली ती तिच्या मालकावर नव्हे, तर खुद्द तिच्या निर्मात्यावर!

फोक्सवॅगनच्या त्या गाडीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्यात बिछाना, कपाट व स्वयंपाकाची सोय बसविण्यास आरंभ केला. फिरते घर म्हणून जगभर जिचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ती गाडी हीच. ब्राझीलमध्ये तिचे उत्पादन २०१३ अखेरपर्यंत चालू होते. तिच्या कित्येक भागांचा पुरवठा इतकी वर्षे टिकला, याचे श्रेय तिच्या सौंदर्याला नाही. ती लाखोंच्या संख्येने तयार झाली व दीर्घकाळ तयार होत राहिली, याला आहे.

मॅटाडोरची कथा निराळ्या वाटेने गेली. १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी स्थापन झाली आणि नवलमल फिरोदिया यांच्या नेतृत्वाखाली टेंपोच्या तीनचाकी गाड्या या देशात बनू लागल्या. १९६९ साली पुण्याजवळच्या आकुर्डी येथून मॅटाडोर बाहेर पडली. इकडे तिचा संसार सुरू होत असताना तिकडे तिचे माहेर मोडत होते. टेंपोचा कारखाना हानोमागच्या हाती गेला होता, आणि १९७० च्या सुमारास हानोमागचा हा व्यवसाय डाइमलर-बेन्झने घेतला. जर्मनीत ही गाडी काही वर्षे मर्सिडीजच्या नावाने विकली गेली व १९७७ साली तेथे तिचे उत्पादन थांबले. भारतात मात्र ती चालत राहिली, आणि १९८० नंतरच्या दशकात तिला मर्सिडीजचे ओ.एम. ६१६ हे चार सिलिंडरांचे, सुमारे २.४ लिटरचे डिझेल एंजिन लाभले.

मॅटाडोरचे उत्पादन बंद होऊन आता बराच काळ लोटला आहे. बजाज टेंपो हे नावही २००५ साली जाऊन त्या जागी फोर्स मोटर्स आले. आता अशी कल्पना करा की बुलढाण्यातील एखाद्या कुटुंबापाशी जुनी मॅटाडोर आहे. आत झोपण्याची फळी व लहानशी शेगडी बसवून ती मंडळी पंढरपूर, कोकण असा प्रवास करीत आली आहेत. एके दिवशी राजूर घाट चढताना एंजिन धूर ओकू लागते व त्याचा जोर सरतो. सुटे भाग कोठे मिळणार? दुकानात जाऊन मॅटाडोरचे सामान मागितले तर नकाराचाच संभव अधिक. दाराची काच, समोरचा पत्रा, दिव्याची चौकट यांसाठी कुर्ल्याचा भंगारबाजार किंवा दिल्लीचे काश्मिरी गेट पालथे घालावे लागेल, आणि तरीही हाती काही लागेलच असे नाही. कारण हे भाग फक्त मॅटाडोरचे होते. ती गेली आणि तेही गेले.

एंजिनाची गोष्ट तशी नाही. प्रत्येक मोटारीला दोन कुळे असतात, एक सांगाड्याचे व दुसरे एंजिनाचे. ओ.एम. ६१६ हे एंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होते. त्या मोटारींनी मोरोक्कोत टॅक्सी म्हणून अनेक वर्षे सेवा केली. आपल्याकडे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांतही तेच कुळ नांदले. म्हणून शहाणा मिस्त्री गाडीचे नाव विचारीत नाही. तो एंजिनावर कोरलेला क्रमांक पाहतो आणि ट्रॅक्सचे सामान मागतो. ज्या मॅटाडोरमध्ये आधीचे, निराळ्या कुळाचे एंजिन आहे, तिच्या मालकाची वाट अर्थातच बिकट.

जेथे तयार भाग मिळत नाही तेथे कारागिरी पुढे येते. सिलिंडरची भिंत झिजली तर ती यंत्रावर किंचित रुंद करून त्या मापाचा पिस्टन व रिंगा घालतात; फारच झिजली तर आत लाइनर बसवून पुन्हा मूळ मापावर आणतात. हे कौशल्य या देशात गरजेपोटी वाढले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्यास आरंभ केला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने असे सुचविले की ज्यांना येथेच भाग तयार करावयाचे आहेत, त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. त्यानंतर १९५४ साली जनरल मोटर्सने आपला कारखाना मिटला. धोरण दूरदृष्टीचे होते, आणि स्वदेशी सुट्या भागांचा उद्योग त्यातूनच बळावला. परंतु ज्यांच्या दारी शेव्हरोलेट उभी होती, त्यांना तोवर लेथवर काम करणाऱ्या मिस्त्र्यावाचून गती नव्हती.

आता नवे धोरण आले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याची योजना जाहीर केली, आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा आकार पुष्कळ वाढविण्यात आला. यामागील हेतूस नावे ठेवता येणार नाहीत. जुन्या डिझेल एंजिनाचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो, हे जुन्या गाडीवर कितीही माया असली तरी नाकारता येत नाही. परंतु नीट राखलेले एंजिन आणि हयगयीने धुरकटलेले एंजिन यांत महदंतर आहे, आणि ते अंतर राखणारी वस्तू म्हणजे वेळेवर मिळालेला योग्य सुटा भाग. एक गाडी मोडीत निघते तेव्हा तिचे शाबूत अवयव दुसरीच्या उपयोगी पडू शकतात. सगळेच दाबून लोखंडाचा गोळा केल्याने ही सोय नाहीशी होते.

या सर्व कथेतून एक गोष्ट ध्यानी धरण्यासारखी आहे. नाव लोकांच्या जिभेवर टिकले म्हणून वस्तू टिकत नाही. ‘मेटॅडोर’ हा शब्द वऱ्हाडात रोज उच्चारला जातो, आणि खरी मॅटाडोर क्वचितच दिसते. वस्तू टिकते ती जेव्हा तिचे अवयव दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचे असतात तेव्हा. जे सर्वस्वी स्वतःपुरतेच घडविलेले असते ते एकटेच झिजते. ज्याने इतरांशी माप जुळवून घेतले आहे, त्याला उतारवयातही कोणी ना कोणी आधार देणारे भेटते. जुनी गाडी राखू इच्छिणाऱ्याने म्हणून प्रथम तिच्या एंजिनाचे कुळ शोधावे. बाकीची वाट मिस्त्री दाखवील.