दिवस भरण्याआधी कळा आल्यास बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शन. कधी देतात, काय काळजी घ्यावी?

मालवण : ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आपल्याकडे जुनी माणसं अजून सांगतात. हे खरं नाही. बाळ पोटात जेवढं जास्त राहील तेवढी त्याची फुफ्फुसं तयार होतात. लवकर जन्मलेल्या बाळाला श्वास घेता येत नाही तो यामुळेच. पण बाळ पोटात असतानाच त्यासाठी औषध देता येतं.

औषध कोणतं?
डेक्सामेथासोन. इंजेक्शन आईला देतात, औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. श्वास सोडल्यावर फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून आत एक पातळ थर लागतो, तो या औषधाने लवकर तयार होतो. न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात हे दिसलं. १९७२ मध्ये त्यांनी डॉ. हॉवी यांच्यासोबत गरोदर महिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

कधी, किती?
केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीची लक्षणं दिसल्यास ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शनं, दर १२ तासांनी. पहिलं इंजेक्शन एएनएम सिस्टर देऊन पुढच्या रुग्णालयात पाठवू शकते.

फायदा किती?
शेजारच्या बेळगावातले डॉक्टरही सहभागी असलेला, ५ देशांतल्या २,८५२ महिलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण २५ मातांना औषध दिलं की एक बाळ जास्त वाचतं, असं त्यात दिसलं.

सावध कशासाठी?
त्याआधी गावपातळीवर झालेल्या अभ्यासात बेळगाव आणि नागपूर भागही होता. औषध मिळालेल्या बऱ्याच जणी पुढे पूर्ण दिवसांच्या झाल्या. तिथे एकूण बालमृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. मातांमध्ये जंतुसंसर्गही वाढला. म्हणून दिवस नक्की माहीत हवेत आणि पुढची सोय असलेलं रुग्णालय हवं. मेडिकलमधून आणून हे इंजेक्शन घेऊ नये.

घरच्यांनी काय करावं?
शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करा. पोट थांबून थांबून कडक होणं, पाणी किंवा रक्त जाणं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, माता-बाल कार्ड सोबत घ्या. ताप किंवा शुगर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि विचारा, ‘फुफ्फुसाचं इंजेक्शन द्यायचं आहे काय?’