वाय-फायच्या कुलपाची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. फार जुना नाही, आपल्याच शहरातला.

२६ जुलै २००८. संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागोमाग एक स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेल्सना एक ईमेल गेली होती. पोलिसांनी आयपी ॲड्रेसचा माग काढला, तर तो येऊन थांबला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन माणूस राहत होता. त्याचा गुन्हा? घरचं वाय-फाय उघडं होतं!

यातली गोम अशी की राउटरच्या मागे लॅपटॉप कितीही असोत, बाहेरच्या जगाला दिसतो एकच आयपी ॲड्रेस. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस त्याच्या दारात. त्या माणसाची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासायला गेले. स्फोटांशी त्याचा काही संबंध नव्हता, पण ते सिद्ध होईपर्यंतचा मनस्ताप त्यालाच भोगावा लागला. पुढची ईमेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेली आणि त्यानंतरची, १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळची, चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. या ईमेल्सच्या प्रकरणात ज्यांना अटक झाली, त्यात पुण्यात नोकरी करणारा एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही होता. म्हणजे आरोपी आपल्याच धंद्यातला.

आता तुम्ही म्हणाल, पासवर्ड टाकला असता तर प्रश्न मिटला असता. खरंच? २००८ साली कुलूप कुठलं, यावर ते अवलंबून होतं.

वाय-फायचं पहिलं स्टँडर्ड १९९७ मध्ये आलं. माझा जन्मही त्याच सुमाराचा, त्यामुळे जरा आपुलकी आहे. त्यात वेप नावाचं कुलूप होतं. तारेच्या नेटवर्कइतकी गोपनीयता देऊ, असा त्याचा दावा. पण प्रत्येक पॅकेटसोबत किल्लीला जोडायचा जो बदलता आकडा होता, तो फक्त २४ बिटांचा. म्हणजे साधारण १ कोटी ६७ लाख आकडे. ऐकायला भरपूर वाटतात, पण गर्दीच्या नेटवर्कवर काही तासांतच तेच आकडे पुन्हा येऊ लागतात. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी याहून मोठी भानगड दाखवली: पुरेशी पॅकेट्स गोळा केली की खुद्द किल्लीच काढता येते. (हे शमीर म्हणजे आरएसएमधले 'एस', बरं का.) २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत करून दाखवलं. तरीही राउटरच्या मेनूत वेपचा पर्याय पुढेही कित्येक वर्षं होताच.

२००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू. कुलूप मजबूत झालं. मग लोकांना लांबलचक पासवर्डचा कंटाळा येतो म्हणून डब्ल्यूपीएस आणलं: आठ आकडी पिन. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. २०११ मध्ये लक्षात आलं की त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. पुढचं दार पोलादी आणि मागच्या दाराला नुसती कडी! २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-टूमध्येही फट सापडली, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-थ्री आलं.

इतिहासातून मला कळलेलं एवढंच: प्रत्येक कुलूप कधी ना कधी उघडतं, पण दुरुस्ती फक्त अपडेट करणाऱ्याच्याच घरी पोचते.

तेव्हा आज चहा होईपर्यंत राउटरचं सेटिंग उघडा. डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री लावा, डब्ल्यूपीएस बंद करा, फर्मवेअर अपडेट करा. आणि ॲडमिनचा पासवर्ड अजून 'ॲडमिन'च असेल तर तो आधी बदला. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. शेजारच्या काकांना राग येईल कदाचित, येऊ द्या. आयपी ॲड्रेस तुमच्या नावावर आहे.