टिंबाआड दडलेल्या फायली

"फाईल गेली कुठे?" हा प्रश्न कधीच न विचारलेला कॉम्प्युटरवाला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. त्यातून आपण आयटीमध्ये असलो की नातेवाईकांकडून हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. "अरे, मेलला जोडायचीय, पण अ‍ॅटॅचच्या खिडकीत दिसतच नाहीये!" बहुतेक वेळा फाईल असते तिथेच. फक्त ती दाखवायची नाही असं कुणीतरी, कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ते कुणी ठरवलं आणि कशासाठी, हा आजच्या शनिवारचा विषय.

तर मंडळी, सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जपासून. तिथे १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. थोड्याच काळात त्यात फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी उतरंड आली. आता आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तिथून वर कसं जायचं? त्यासाठी प्रत्येक फोल्डरमध्ये दोन ठरावीक नोंदी ठेवल्या. एक टिंब म्हणजे "हाच फोल्डर", दोन टिंबं म्हणजे "याच्या वरचा". कल्पना झकास होती. पण फायलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा दिली की प्रत्येक वेळी ही दोन टिंबमंडळीही यादीत हजर! वैताग येणारच. मग या दोघांपैकी कुणीतरी 'एलएस'मध्ये एक छोटीशी अट घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद दाखवू नकोस.

खरं तर तपासायला हवं होतं की पूर्ण नाव "टिंब" आहे का किंवा "टिंब-टिंब" आहे का. पण पहिलं अक्षर तपासणं सोपं, लिहायलाही कमी. आपण सगळेच असा कोड लिहितो. फरक एवढाच, की आपला कोड पन्नास वर्षं चालत नाही.

हा किस्सा रॉब पाइकने २०१२ साली गूगल प्लसवर लिहिला होता. (ते गूगल प्लस स्वतःच २०१९ मध्ये बंद पडलं, असो.) पाइक स्वतः बेल लॅब्जमधला, युनिक्सच्या घरातलाच माणूस. त्याच्या म्हणण्यानुसार 'लपलेली फाईल' ही कल्पना कुणी मुद्दाम काढलेलीच नाही, ती या आळशी अटीतून आपोआप पडलेली आहे. पुढे प्रोग्रामरांच्या लक्षात आलं, की आपल्या सेटिंगच्या फाईलच्या नावाआधी टिंब लावलं की ती कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. झालं! आज कुठल्याही लिनक्स मशीनवर आपल्या होम फोल्डरमध्ये लपलेलं सगळं दाखवा, टिंबवाल्यांची जत्रा दिसेल. पाइकला याचा भयंकर राग आहे. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. पसारा होतो हे खरं, पण डोळ्यांसमोरचा पसारा आणि पलंगाखाली ढकललेला पसारा यात घरातली माणसं कायम दुसराच निवडतात.

या टिंबाचा एक उपद्रव मात्र आपल्या धंद्यातल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. युनिक्सच्या शेलमध्ये 'सगळ्या फायली' म्हणून तारा, म्हणजे स्टार, दिला तर त्यात टिंबवाल्या येत नाहीत. म्हणजे 'सगळं कॉपी केलं' असं म्हणून सेटिंग मागे राहतात. आणि पूर्ण फोल्डरच झिप करून क्लायंटला मेल केला तर उलटं होतं. कुणाला न दिसलेली पासवर्डांची फाईल आणि गिटचा अख्खा इतिहास झिपमध्ये बसून सुखरूप रवाना!

डॉसची गोष्ट वेगळी. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि त्यासोबत मायक्रोसॉफ्टचं डॉस. तिथे लपवणं अपघाताने नाही, ठरवून आलं. प्रत्येक फाईलची डिस्कवर ३२ बाइट्सची एक नोंद असते. त्यातला एक बाइट फाईलच्या स्वभावासाठी राखून ठेवलेला. एक बिट 'फक्त वाचा', दुसरा 'लपलेली', तिसरा 'सिस्टिमची'. कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या दोन फायलींवर हे शिक्के मारलेले असायचे, म्हणजे कुणी भोळेपणाने सगळं पुसायला निघाला तरी त्या वाचाव्यात. युनिक्समध्ये लपणं नावात असतं, डॉसमध्ये शिक्क्यात. एकाला उघडं पाडायला नाव बदला, दुसऱ्याला उघडं पाडायला शिक्का पुसा.

हा शिक्का पुसण्याची आज्ञा म्हणजे 'अट्रिब'. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्षांत, म्हणजे २०१५-१६ च्या आसपास, ही आज्ञा पाठ असणाऱ्या मुलाला कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जो मान होता तो टॉपरला नव्हता. कारण तिथल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट हजर. सबमिशन एक तासावर, आणि पोरगी रडकुंडीला. पण व्हायरसने काही पुसलेलं नसायचंच. फोल्डरवर 'लपलेला' आणि 'सिस्टिमचा' असे दोन्ही शिक्के मारून ठेवलेले असायचे. दोन का? तर नुसत्या 'लपलेल्या' फायली दाखवा अशी टिकमार्क केली तरी सिस्टिमवाल्या दिसत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी टिकमार्क काढावी लागते आणि ती काढताना विंडोज घाबरवणारा इशारा देतं. बरेच लोक तिथूनच परत फिरायचे. १९८१ साली फायली वाचवायला बनवलेला शिक्का, आणि व्हायरसवाले नेमके त्याच्याच आडोशाला.

आता मेलकडे येऊ. नेटवर्कवरून पहिलं ईमेल रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये पाठवलं, पण मेल म्हणजे तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरं. फोटो, गाणं, प्रोग्राम असलं काही त्यातून जायचं नाही. १९८० मध्ये बर्कलीला मेरी अ‍ॅन हॉर्टनने 'यूयूएन्कोड' लिहिलं, त्याने कुठलीही फाईल साध्या अक्षरांत बदलून पाठवता यायची. मग नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत आखली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीनने त्या पद्धतीने पहिलं जोडपत्र पाठवलं. काय होतं त्यात? तो स्वतः ज्यात गायचा त्या चौघांच्या गायक मंडळींचा फोटो आणि त्यांचं गाणं! आपण आज जे काही जोडतो ते अजून याच पद्धतीने जातं. तीन बाइट्सची चार अक्षरं होतात, म्हणून फाईल मेलमध्ये शिरताना एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा असताना २० एमबीची फाईल का जात नाही, याचं उत्तर हे.

जोडपत्रांनी फायली लपायला एक नवीच जागा दिली. जुन्या आउटलुकमध्ये आलेली वर्डची फाईल थेट मेलमधूनच उघडली की आउटलुक तिची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायचं. त्या फोल्डरच्या नावाची सुरुवात 'ओएलके', पुढे काहीतरी अगम्य अक्षरं. तो 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स'च्या आत, आणि ते सगळं लपलेल्या 'लोकल सेटिंग्ज'च्या आत. तुम्ही चार तास खपून अहवाल दुरुस्त करणार, सेव्ह करणार, बंद करणार. सेव्ह नीट झालेलंच असतं. पण पुन्हा जोडायला गेलात की फाईल कुठेच नाही, मेलमध्ये मात्र जुनीच. गंमत म्हणजे लपलेलं दाखवा म्हटलं तरी तो 'ओएलके' दिसायचा नाही. पत्ता रजिस्ट्रीत शोधून वरच्या पट्टीत हाताने टाइप करावा लागायचा. ऑफिस २०१० पासून मेलमधली फाईल आधी 'फक्त वाचा' अशी पिवळ्या पट्टीसकट उघडू लागली. त्या पट्टीला आपण सगळे शिव्या देतो, पण या एका कारणासाठी मी तिला माफ केलंय.

लपवण्याचा सर्वात महागात पडलेला प्रकार मात्र फाईलचा नाही, तिच्या आडनावाचा. विंडोज ९५ पासून ओळखीच्या फायलींचं एक्स्टेन्शन न दाखवण्याची रीत पडली. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' अशा विषयाची मेलं जगभर फिरली. जोडपत्राचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटचं व्हीबीएस विंडोजने झाकलं, दिसली साधी टेक्स्ट फाईल, आणि लोकांनी ती उघडली. उघडल्यावर त्या किड्याने फोटोंची वाट लावली, पण एमपीथ्री गाणी मात्र पुसली नाहीत. ती लपवली, आणि त्यांच्या नावाने स्वतःच्या प्रती ठेवल्या! म्हणजे आपली गाणी कायमची गेली म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांची गाणी डिस्कवरच होती. तो लिहिणारा मनिलाचा विद्यार्थी सुटला, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता. एक्स्टेन्शन मात्र विंडोज ११ सुद्धा आपणहून दाखवत नाही. पंचवीस वर्षं! मला याचं खरंच आश्चर्य वाटतं.

हे सगळं मी एवढं खोदायला लागलो ते गेल्या वर्षी. मावशीची इमारत पाडायला निघाली, घर रिकामं करताना माळ्यावर काकांचा जुना सीपीयू सापडला. काका २००८ मध्ये गेले. त्यानंतर दुकानातल्या एका माणसाने 'सगळा डेटा' म्हणून 'माय डॉक्युमेंट्स'ची सीडी करून दिली होती. त्यात बँकेची पत्रं, सोसायटीचे हिशोब, सहलीचे फोटो. पण माझी मावसबहीण कॅनडात शिकायला गेल्यावर काका तिला रोज मेल लिहायचे, ती मेलं सीडीत नव्हती. तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर आलेली मेलं तर तो पत्ता बंद झाला तेव्हाच गेली. मेलं संपली, असंच दोघींनी धरून ठेवलं होतं.

काका आउटलुक एक्सप्रेस वापरायचे. ते मेलं 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवत नाही. एक्सपीवर ती 'लोकल सेटिंग्ज'च्या आत चार-पाच फोल्डर खोल 'डीबीएक्स' नावाच्या फायलींत असतात, आणि 'लोकल सेटिंग्ज' लपलेला. दुकानातल्या माणसाला दिसलं ते त्याने इमानदारीत कॉपी केलं. माझं काम त्याच्याहून सोपं झालं, कारण माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. हार्डडिस्क केबलने जोडली आणि 'लोकल सेटिंग्ज' सरळ समोर उभा! लिनक्सला फक्त टिंबाचं लपणं कळतं, विंडोजच्या शिक्क्याची ते दखल घेत नाही. (उलट बाजूही आहेच. मॅकवरून आलेली झिप विंडोजवर उघडली की टिंबवाली एक अनोळखी फाईल प्रत्येक फोल्डरमध्ये दिसते. ती मॅकवर लपलेली असते.)

'सेंट आयटम्स'ची फाईल ३१ एमबीची निघाली. डीबीएक्स वाचणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामने मेलं सुटी केली. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, बहुतेक चार-पाच ओळींचं. पाऊस पडला का, स्वेटर घेतलास का, आईने आज अळूची भाजी केली होती. मी दोन-तीनच वाचली, बाकीची माझ्यासाठी नव्हती. लिंक पाठवता आली असती, पण मावशी म्हणाली, "मेलनेच पाठव रे." मग तुकडे करून, तीन मेलं करून, जोडून पाठवली. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यात फक्त एक प्रश्न होता: "इनबॉक्सची पण फाईल आहे का?" होती. त्यात तिने काकांना लिहिलेली उत्तरं होती.

कुणाच्या माळ्यावर असा सीपीयू असेल तर भंगारात देण्याआधी एवढं करा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू'खाली 'शो' आणि त्यात 'हिडन आयटम्स' असतं. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबा, हे फाईल जोडायच्या खिडकीतही चालतं. लिनक्सच्या बहुतेक खिडक्यांत कंट्रोल-एच. आणि फोल्डरचा पत्ता माहीत असेल तर दाखवा-लपवाच्या भानगडीत न पडता जोडायच्या खिडकीत तोच टाइप करा, लपलेला फोल्डरही निमूट उघडतो.

आणि फोनवर? अँड्रॉइड आतून लिनक्सच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाहिलेले दुसऱ्यांचे स्टेटस फोनमध्ये ज्या फोल्डरात उतरतात, त्याचं नाव 'स्टेटसेस', पुढे टिंब. मावशीला ते दाखवलं तर तिने आधी विचारलं, हे टिंब कोणी लावलं?