कोंबडीचा पैसा कुणाच्या हाती?

उस्मानाबादी शेळीनं आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर नेलं, हे आपण सगळ्याच जाणतो. आज मात्र कोंबडीचा इतिहास सांगायचाय. तो आपल्या बायकांच्या हातांचाच इतिहास आहे.

आपल्या आज्यांच्या काळी कोंबडी पाळणं हा काही वेगळा धंदा नव्हता. अंगणात चार-पाच कोंबड्या असायच्या. रात्री डालग्याखाली झाकायच्या, सकाळी सोडायच्या. उकिरड्यावरचे किडे, खळ्यावरचे दाणे हाच त्यांचा खुराक. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते आणि मधेच खुडूक होऊन बसते. अंडी थोडी, पण खर्चही नसल्यातच जमा. मुख्य म्हणजे अंड्याचा पैसा बाईचा. ज्वारीचा पैसा मोंढ्यावरून गड्याच्या खिशात यायचा, अंड्याचा पैसा बाईच्या कनवटीला. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, माहेरचं गाडीभाडं त्यातूनच निघायचं.

या धंद्याचा वैरी म्हणजे मानमोडी. डॉक्टर तिला रानीखेत म्हणतात. हिमालयातल्या रानीखेत गावी साधारण शंभर वर्षांपूर्वी हा रोग आढळला, म्हणून हे नाव. तो आला की खुराडंच्या खुराडं रिकामं व्हायचं. लस आली तेव्हा कुठे जास्त कोंबड्या एकत्र ठेवायचा धीर आला.

मांसासाठी कोंबड्यांचा मोठा धंदा कुणी सुरू केला, ठाऊक आहे? एका शेतकरी बाईनं. अमेरिकेत डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाची बाई अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळायची. 1923 साली तिनं 50 पिल्लं मागवली, चुकून 500 आली. तिनं ती परत केली नाहीत. छोटी शेड उभारली आणि पिल्लं वाढवली. 18 आठवड्यांनी जगली-वाचलेली 387 पिल्लं मांसासाठी चांगल्या भावानं विकली. तीन वर्षांत तिच्याकडे 10,000 पक्ष्यांची शेड झाली. शेजारीपाजारी तेच करू लागले. पुढे मात्र धंद्यात कंपन्या उतरल्या. आज तिकडे बहुतेक ब्रॉयलर कंपन्यांच्या करारावरच वाढतात. बाईच्या अंगणातून निघालेला धंदा दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वहीत गेला.

आपल्याकडे वळण आलं ते 1971 मध्ये. डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिचा कारभार पुढे पुण्यातून चालू लागला. तेव्हा अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे. राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. आपल्या अंड्याचा भाव आपण ठरवायचा, एवढं साधं तिचं म्हणणं. आजही ती समिती रोज भाव जाहीर करते. एकटीला भाव मिळत नाही, एकीला मिळतो, हे बचत गटांना वेगळं सांगायला नको.

आता या धंद्याच्या दोन वाटा समजून घेऊ. अंड्यांची लेअर कोंबडी साधारण 18 ते 20 आठवड्यांनी अंड्यावर येते आणि वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. पण तोवर चार-साडेचार महिने नुसतं खाऊ घालावं लागतं. मांसाचा ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतच दोन किलोचा होतो. करारात पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज आणि राबणं आपलं. पैसे किलोमागे मिळतात आणि मरतूक जास्त झाली, खाद्य जास्त लागलं की ते कमी होतात.

खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचा. त्यात मुख्य मका आणि सोयाबीनची पेंड. म्हणजे आपल्या रानातलं सोयाबीनच फिरून कोंबडीच्या पोटात जातं. ऑगस्ट 2021 मध्ये पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्र सरकारनं 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. त्याच हंगामात सोयाबीनचे भाव कोसळले. ज्या घरात सोयाबीन आणि कोंबड्या दोन्ही आहेत, त्या घरानं हसावं की रडावं?

जोखीमही लक्षात ठेवा. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2020 मध्ये तर रोग नसताना, कोंबडीनं कोरोना होतो या नुसत्या अफवेनं भाव मातीमोल झाले. जानेवारी 2021 मध्ये आपल्या मराठवाड्यात, परभणीच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू आला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पक्षी पटापट मरू लागले तर लपवू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आपल्या जिल्ह्यानं 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप सोसला. त्यानंतर उमरगा-लोहाऱ्याकडच्या बाया घरबांधणीच्या कामात पुढे आल्या, गट बांधले गेले. त्याच वाटेवर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत बायकांनी एक एकर शेतीचं काम उभं केलं. घरच्या जमिनीतला तुकडा आपल्या ताब्यात घ्यायचा, त्यात घरच्या ताटाला लागेल ते पिकवायचं, जोडीला शेळ्या-कोंबड्या. 2016 मध्ये या संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला.

म्हणून आम्हाला वाटतं, सुरुवात लहान करावी. वनराजा किंवा ग्रामप्रिया अशा सुधारित जातीची थोडी पिल्लं घ्या. त्या परसातही वाढतात आणि गावरानपेक्षा जास्त अंडी देतात. पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब, आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचणी चुकवू नका. मोठी शेड घालायची झाली तर करार गटात बसून मोठ्यानं वाचा. आणि सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: शेड कुणाच्या नावावर होणार, आणि पैसे कुणाच्या खात्यात येणार? झाडलोट, पाणी, रात्रीचं जागरण बाईचं असेल, तर खातंही तिचंच हवं.